गुण गेला कुठे

१

चोरी उघडकीस आली ती सकाळी, पहिल्या चहाच्या आधी, त्यामुळे कुणाचंच डोकं ठिकाणावर नव्हतं.

फिरत्या दांड्यावर एक उंदीर ठेवला होता. हा दांडा सावकाश फिरत राहतो, उंदराने त्यावर चालत राहायचं, आणि तो पडला की घड्याळ थांबतं. हातापायांतली ताकद हळूहळू जाण्याचा एक आजार या उंदरांना मुद्दाम दिलेला होता. माणसांना तो मुद्दाम द्यावा लागत नाही. गेल्या वर्षी असेच आजारी उंदीर एका जुन्या औषधाच्या जोरावर दांड्याला चिकटून राहिले होते. या वेळी तेच औषध पोटात असलेला उंदीर चार पावलं चालला आणि टपकन खाली पडला. दुसरा पडला. तिसऱ्याने चालण्याचा प्रयत्नही केला नाही. तो दांड्यावर बसला, थोडा विचार केला आणि पडला.

औषधाचा गुण नाहीसा झाला होता.

औषध कुठलं, तर गाडी लागू नये म्हणून लोक प्रवासाला निघताना घेतात ती पिवळी गोळी. कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते. तिच्यात दुसराही काही गुण असेल अशी शंका जगात एकाच बाईला आली होती. ती या संस्थेत संशोधिका होती आणि जुन्या औषधांचे नवे उपयोग शोधणं हे तिचं काम. बाकीचे लोक नवे रेणू बनवत, म्हणून ते तिच्या विभागाला 'जुना बाजार' म्हणत. गोळीने उंदीर चालू लागले तेव्हा मात्र जुन्या बाजारात गर्दी झाली. शोधनिबंध छापून आला, संचालकांचा फोटो आला, आणि मुलाखतीत ते दर वाक्याला 'आम्ही' म्हणाले. उंदीर पडले त्या दुपारपासून ते 'त्या बाई' म्हणू लागले.

आता समिती बसणार होती. गुण का गेला हे सांगता आलं नाही, तर तो कधी नव्हताच, पहिले आकडे बनावट होते, असं लिहिलं जाणार होतं. संशोधिकेची नोकरी जाणार आणि नाव त्याच्या आधी. शिवाय त्या गोळीकडे पुन्हा कुणी ढुंकून पाहिलं नसतं.

चौकशीला बाहेरचा निष्पक्ष माणूस हवा होता. संचालकांनी आपल्या साडूला बोलावलं. यात वशिला नव्हता. दोघांचं एकमेकांशी अजिबात पटत नाही हे सगळ्या नातेवाइकांना ठाऊक होतं, आणि त्याहून निष्पक्ष माणूस आणायचा कुठून? साडू निवृत्त औषध निरीक्षक होता. खडूच्या गोळ्या आणि साखरपाण्याची सिरपं पकडण्यात त्याचं आयुष्य गेलं होतं, त्यामुळे तो अजूनही चहासुद्धा आधी उजेडात धरून बघायचा.

"साडूभाऊ, सरळ मामला आहे," संचालक म्हणाले. "बाईंनी आकडे बनवले. तुम्ही फक्त कसे ते शोधा."

निरीक्षकाने पेला उजेडात धरला.

"आणि समजा बनवले नसतील तर?"

संचालकांनी या शक्यतेसाठी खुर्चीसुद्धा मांडलेली नव्हती.

२

संशोधिकेची खोली अरुंद होती आणि भिंतीला लागून जुन्या औषधांच्या पेट्या होत्या. कृमींची, खाजेची, मळमळीची. ती रडत वगैरे नव्हती. पेट्यांवरची धूळ पुसत होती.

"बसा सर. तुम्हाला मी चोर वाटते का?"

"मनावर घेऊ नका. मला नोकरीत असताना खोकल्याचं औषधसुद्धा चोर वाटायचं. पहिल्या वेळी काय केलंत ते सांगा."

"दुकानातून गोळ्या आणल्या, कुटल्या आणि खुराकात कालवल्या. निम्म्या आजारी उंदरांना तो खुराक, निम्म्यांना साधा. शिवाय तुलनेला काही निरोगी उंदीर, त्यांनाही साधा. दिवसभर बाकीची कामं असायची, म्हणून संध्याकाळी घरी जाताजाता वाट्या भरून ठेवायचे. सकाळी वाट्या चाटूनपुसून स्वच्छ."

"बघायला कोण होतं?"

"उंदीर होते."

निरीक्षक हसला नाही, पण त्याला बरं वाटलं.

"आणि दुसऱ्या वेळी?"

"दुसऱ्या वेळी समितीने शास्त्र आणलं," ती म्हणाली. "दुकानातली गोळी नको, शुद्ध पावडर घ्या. खुराकात नको, कोण किती खातो काय माहीत. नळीने थेट पोटात घाला, मोजून. आणि सगळं कामाच्या वेळेत. संचालकांनी हजेरीचं यंत्र बसवलंय ना. सहानंतर इमारतीत कुणी थांबायचं नाही. मग सकाळी यंत्रावर बोट टेकवायचं, दहा वाजता उंदरांना औषध द्यायचं आणि चहाला जायचं. अगदी शिस्तीत."

"आणि गुण गेला."

"गेला. आता लोक म्हणतात तो नव्हताच." तिने फडकं झटकलं. "एक सांगू? मी पहिल्यांदा आकडे बनवले असते, तर दुसऱ्यांदाही बनवले असते. तेवढी अक्कल आहे मला. प्रामाणिक माणसाशिवाय इतका वाईट निकाल कोण लावून घेईल?"

हा युक्तिवाद निरीक्षकाला पटला. नोकरीत असताना एकाही आरोपीने त्याला इतका चांगला युक्तिवाद ऐकवला नव्हता.

तो दाराशी गेला तेव्हा ती मागून म्हणाली, "सर, अजून एक. ती शुद्ध पावडर मला केमिस्टसाहेबांनी दिली. माझ्या हातात बाटली आली तेव्हा तिचं सील आधीच फुटलेलं होतं."

३

केमिस्टसाहेब संस्थेतले सर्वांत जुने शास्त्रज्ञ. याच आजारावर ते एक नवा रेणू बनवत होते, आणि तो इतकी वर्षं बनतच होता की त्याच्या आशेवर दोन सहकारी निवृत्त झाले होते. कोपऱ्यावरची पिवळी गोळी त्यांच्या पुढे निघून जावी हे त्यांना कसं वाटलं असेल, ते विचारायची गरज नव्हती. त्यांनी ते आपण होऊन सांगितलं.

"ती गाडी लागण्याची गोळी आहे साहेब. फिरत्या दांड्यावर उंदीर टिकले म्हणजे त्यांना चक्कर आली नाही, बस. याला शोध म्हणायचं?"

"मग या वेळी चक्कर का आली?"

केमिस्टसाहेबांनी टेबलावरचे कागद सारखे केले.

"बाटलीचं सील कुणी फोडलं?"

केमिस्टसाहेब उठून दार लावून आले. निरीक्षकाने वही उघडली. कबुली देणारी माणसं आधी दार लावतात, हा त्याचा अनुभव होता.

"मीच," ते पुटपुटले. "चिमूटभर काढली. पण शपथेवर सांगतो, त्या प्रयोगाशी संबंध नाही. सासूबाईंना घेऊन डोंगरात जायचं होतं. वळणावळणाचा रस्ता. त्यांना गाडी लागते."

"ही गोळी दुकानात मिळते."

"दुकानातल्या गोळीवर माझा विश्वास नाही," केमिस्टसाहेब ताठ होत म्हणाले. "मी केमिस्ट आहे."

"मग? गुण आला?"

"सुरुवातीला आला. पण हे औषध अंगात फार टिकत नाही हो. अर्ध्या रस्त्यात उतरलं. दुसरी चिमूट द्यायच्या आत सासूबाईंनी माझ्या नव्या कोटावर..."

"कळलं," निरीक्षक म्हणाला.

तरीही सासूबाईंच्या साक्षीवर विसंबून राहणं बरं नव्हतं. निरीक्षकाने पावडरीचा नमुना आपल्या जुन्या खात्यात पाठवला. तिथे आता त्याच्या हाताखालची पोरं साहेब झाली होती. त्यांनी भीतीपोटी तो लगेच तपासला. शिवाय त्याने औषध दिल्यावर थोड्या वेळाने आणि पुन्हा दुपारी काही उंदरांचं रक्त घ्यायला लावलं.

दोन्ही उत्तरं एकदमच आली. पावडर शुद्ध होती, संस्थेतल्या बहुतेक गोष्टींपेक्षा शुद्ध. आणि रक्तात औषध सापडलं होतं, हवं तेवढं. दुपारपर्यंत ते ओसरत होतं, पण सकाळी ते तिथे हजर होतं.

म्हणजे औषध खरं होतं, ते बदललं नव्हतं आणि पोटातून रक्तापर्यंत पोचत होतं. आणि उंदीर पडत होते.

४

उरला उंदीरखाना, आणि त्याचे प्रमुख. त्यांना सगळे उंदीरमामा म्हणत, त्यांची पत्नीही.

उंदीरखाना तळमजल्यावर होता. लांब खोली, कपाटांसारखे मांडलेले पिंजरे, डोळ्यांवर येणारे पांढरे दिवे. निरीक्षक सकाळी औषधाच्या वेळेलाच पोचला. त्याला इथे खुडबुड, चूंचूं, धावपळ अपेक्षित होती. खोलीत शोकसभेसारखी शांतता होती. प्रत्येक पिंजऱ्यात भुशाच्या ढिगाखाली उंदीर एकमेकांच्या अंगावर पसरलेले.

"मेले की काय?" निरीक्षकाने विचारलं.

"झोपलेत साहेब."

"सगळे?"

"दिवसा झोपतातच ते. लाइट बंद झाले की बघा, लग्नघर होतं." मामांनी हातमोजे चढवले. "आता नळी घालायला एकेकाला हलवून उठवायचं. कालच एक चावला. चूक त्याची नाही म्हणा. मला झोपेतून उठवून कुणी घशात नळी घातली, तर मीही चावेन."

"मामा, सरळ विचारतो. पिंजरे बदलले का कुणी? औषधवाले इकडे, बिनऔषधवाले तिकडे?"

मामा दुखावले. "प्रत्येकाच्या कानाला खूण आहे साहेब. मला माझ्या दोघा जुळ्या पुतण्यांतला फरक अजून कळत नाही. थोरला समजून धाकट्याला दोनदा झापलंय. पण इथे चूक नाही."

त्यांनी कानाच्या खुणा दाखवल्या. चूक नव्हती. मग मामांनी एक उंदीर उचलून दाखवला. त्याने अर्धवट डोळे उघडून निरीक्षकाकडे पाहिलं. रजेच्या दिवशी कामावर बोलावलेला कारकून साहेबाकडे बघतो, तसंच. निरीक्षकाला ती नजर ओळखीची वाटली, पण कुठली ते आठवेना.

संशोधिका खोटी वाटत नव्हती. केमिस्टने चोरी केली होती, पण सासूसाठी. मामांनी काहीच केलेलं नव्हतं. संशयित संपले आणि गुन्हा शिल्लक राहिला. असं त्याच्या कारकिर्दीत कधी झालं नव्हतं.

संध्याकाळी संचालकांचा फोन आला.

"साडूभाऊ, समिती उद्या बसतेय. तुमचा अहवाल मी टाइप करून ठेवलाय. तुमचा वेळ कशाला घ्या. बाईंनी आकडे बनवले, एवढंच आहे. फक्त सही हवी."

५

सकाळी निरीक्षक इतका विचारात होता की त्याने समोर दिसली ती गोळी तोंडात टाकली आणि पाणी प्यायला.

"अहो!" बायको ओरडली. "ती कोलेस्टेरॉलची! रात्रीची गोळी आहे ती!"

"बरं. आता गेली पोटात. गोळीला काय कळतंय रात्र का सकाळ."

"गोळीला कळत नाही, तुमच्या लिव्हरला कळतं. ते रात्री चरबी बनवतं, म्हणून गोळी रात्री. सकाळी घेतली तर ती बिचारी येऊन बसणार, आणि जिच्याशी भांडायचं ती जागेवरच नाही. डॉक्टरांनी समोर बसवून सांगितलं होतं. तुम्ही तेव्हा त्यांच्या पंख्याकडे बघत होतात."

"पंखा हलत होता," निरीक्षक म्हणाला आणि बूट हातात घेऊन तसाच उभा राहिला.

"काय झालं? चक्कर येतेय का?"

"परत सांग."

"काय? पंख्याकडे बघत होतात?"

"त्याच्या आधीचं."

बायकोने परत सांगितलं, शिवाय गेल्या तीस वर्षांत तो काय काय ऐकत नव्हता तेही. पण तोवर निरीक्षकाने एक बूट घातला होता आणि उंदराची ती नजर कुठली ते त्याला कळलं होतं: भलत्या वेळी झोपेतून उठवलेल्याची.

"आणि तुझ्या बहिणीच्या नवऱ्याला फोन कर," तो दारातून म्हणाला. "सांग, सही मिळणार नाही."

"मी का करू? तुमचं तोंड कुठे गेलं?"

"तू केलास की ताई आधी फोन घेते. तेवढाच मला पोचायला वेळ."

६

समितीत पाच माणसं होती, त्यांपैकी तिघं बिस्किटांत गुंतलेली. संचालक मध्यभागी, केमिस्टसाहेब डावीकडे, उंदीरमामा दाराजवळ. संशोधिकेला टेबलाच्या टोकाला बसवलं होतं. तिच्यासमोर पाण्याचा पेला होता. बिस्किटं नव्हती.

"चोरी कुणीही केलेली नाही," निरीक्षकाने सुरुवात केली. "एक चिमूट सोडून. त्यात मी जात नाही."

केमिस्टसाहेबांनी खिडकीबाहेरचं झाड मन लावून पाहिलं.

"मग आकडे बनावट!" संचालक म्हणाले.

"थांबा साडूभाऊ. पावडर शुद्ध, पिंजरे जागेवर, औषध रक्तात. दोन प्रयोगांत आणखी काय बदललं, एवढाच प्रश्न उरतो. औषध किती वाजता दिलं जातं?"

"सकाळी दहाला," संचालक अभिमानाने म्हणाले. "एक मिनिट इकडेतिकडे नाही. यंत्र आहे."

"कुणाच्या सकाळी?"

कुणीतरी बिस्किट चावायचं थांबलं.

"आपल्या," निरीक्षक म्हणाला. "तुम्ही चहाच्या तयारीत असता तेव्हा उंदरांची मध्यरात्र असते. मामा, खरं ना?"

"हो. ते सगळ्यांनाच माहीत आहे," मामा म्हणाले.

"सगळ्यांना माहीत आहे, म्हणूनच कुणी लक्षात घेतलं नाही. बाईंनाही माहीत होतं."

संशोधिका मान हलवायचं विसरली होती. ती त्याच्याकडे बघत होती आणि तिचे ओठ कसला तरी हिशोब मांडत होते.

"पहिल्या वेळी बाई संध्याकाळी वाट्या भरून जायच्या. दिवे बंद झाले की उंदीर उठायचे, खायचे, हिंडायचे. म्हणजे औषध त्यांच्या अंगात कधी असायचं? ते जागे, चालते-फिरते असताना. दुसऱ्या वेळी तेच औषध गाढ झोपेत घशाखाली गेलं. हे औषध अंगात फार टिकत नाही. केमिस्टसाहेबांकडे याचा अनुभव आहे, घरगुती आहे, पण पक्का आहे. उंदीर उठेपर्यंत ते ओसरून गेलेलं असायचं."

"पण रक्तात होतं ना?" केमिस्टसाहेब न राहवून म्हणाले. "झोपेत काय, जागेपणी काय, रक्त तेच."

"रक्त तेच," आता संशोधिका बोलली. ती उभी राहिली होती. "पण औषधाला कुठेतरी बसावं लागतं. हे स्नायूंवर बसतं. तिथल्या जागा जनावर जागं असताना वाढत असतील आणि झोपेत कमी होत असतील, तर आपण पाहुणा पाठवला आणि घरी कुणी नव्हतं. आणि केमिस्टसाहेब म्हणतात तसे चक्कर थांबवण्यानेच उंदीर टिकले असते, तर तेव्हा औषध न दिलेल्या, आजार नसलेल्या उंदरांनाही चक्कर यायला हवी होती. ते मजेत चालत होते." तिने खुर्ची मागे सरकवली. "मी मूर्ख आहे. मी वाट्या संध्याकाळी भरत होते, कारण मला दिवसा वेळ नव्हता. मला वाटलं ती माझी सोय आहे."

"ती त्यांचीही सोय होती," निरीक्षक म्हणाला.

"म्हणजे तुमच्या मते," संचालक सावकाश म्हणाले, "गुन्हेगार हजेरीचं यंत्र आहे."

"यंत्र बिचारं कुणीतरी बसवलेलं आहे."

संचालकांनी आपल्या नावाच्या पाटीकडे पाहिलं, जणू ती बोलेल.

"हा तर्क झाला. पुरावा कुठाय?" ते शेवटी म्हणाले. "आणि पुराव्यासाठी रात्रपाळी लावायला मी परवानगी देणार नाही. उंदरांसाठी माणसं जागवायची?"

"माणसं कशाला," निरीक्षक म्हणाला. "दिवे उलटे लावा. रात्री लख्ख उजेड, दिवसा अंधार. उंदरांना काय, जिकडे अंधार तिकडे त्यांचा दिवस. तुमचं यंत्र सुखात राहील. मात्र निम्मे उंदीर जुन्या दिव्यांतच ठेवा. दोन्हीकडे दहा वाजता तीच पावडर, तीच नळी, आणि दोन्हीकडे काही आजारी उंदीर बिनऔषधाचे. माझं चुकलं, तर तुमच्या टाइप केलेल्या कागदावर मी सही करतो."

संचालकांनी लगेच मान्य केलं. साडूची लेखी चूक मिळण्याची संधी रोज येत नाही.

"आणि माझं काय?" संशोधिकेने विचारलं. "तोपर्यंत मी चोर का?"

समितीने विचारविनिमय केला आणि तोपर्यंत ती 'अनिर्णित' आहे असं ठरवलं.

७

उलट्या दिव्यांच्या उंदरांना नव्या वेळेची सवय व्हायलाच बरेच दिवस गेले, आणि औषधाला त्याहून जास्त. त्या काळात अनिर्णित संशोधिकेशी कँटीनमध्ये कुणी बोलत नसे. अपवाद केमिस्टसाहेबांचा. ते तिच्या टेबलाशी येऊन बसायचे आणि काही न बोलता डबा खायचे. त्यांच्या बाजूने ही क्षमायाचना होती. तिने तशीच ती घेतली.

मग एका सकाळी फिरता दांडा सुरू झाला. जुन्या दिव्यांतले उंदीर आले, झोपाळू डोळ्यांनी चढले आणि रांगेने पडले. उलट्या दिव्यांतले बिनऔषधाचे टक्क जागे होते, तरी तेही पडले. मग उलट्या दिव्यांतला, औषध घेतलेला पहिला उंदीर चढला. तो चालला. चालतच राहिला. मामांनी घड्याळाकडे पाहिलं, मग उंदराकडे, मग पुन्हा घड्याळाकडे. शेवटी दांडा थांबवून त्याला हाताने उचलून खाली ठेवावं लागलं, तेव्हा त्याने निषेध नोंदवला. दुसरा चालला. तिसराही.

संशोधिकेने आकडे मामांना मोठ्याने वाचायला लावले, दोनदा. ती स्वतः लिहीत नव्हती. या वेळी तिने पेनाला हातच लावला नव्हता.

निरीक्षकाने अहवाल एका वाक्यात संपवला: गुण चोरीला गेलेला नव्हता, तो वेळेवर येत होता. खाली एक टीप होती. माणसं दिवसा जागी असतात. तेव्हा माणसांवर ही गोळी वापरून पाहायची वेळ येईल तेव्हा ती सकाळी दहालाच द्यावी. संचालकांच्या आदेशात फक्त प्राणी चुकला होता.

समितीने 'अनिर्णित' खोडून 'निर्दोष' लिहिलं. संशोधिकेने आणखी एक गोष्ट मागितली. आरोप सगळ्यांसमोर झाला होता, माफी कुठे मागायची ते संचालकांनी ठरवावं, पण मागावी.

संचालकांनी बराच विचार करून जागा निवडली. सकाळी हजेरीच्या यंत्रावर बोट टेकवून ते तळमजल्यावर गेले. उंदीरखान्याच्या दारावर संशोधिकेच्या अक्षरात पाटी होती: 'आत रात्र आहे. दार हळू उघडा.'

आत एकच मंद लाल दिवा होता. उंदरांना तो दिसत नाही, माणसांना जेमतेम. ती कुठेतरी पिंजऱ्यांपाशी काम करत होती. नेमकी कुठे ते त्यांना कळेना, म्हणून ते अंदाजाने एका दिशेला तोंड करून उभे राहिले.

"माझी चूक झाली," ते म्हणाले.

"मी इकडे आहे," अंधारातून मागून आवाज आला.

संचालक वळले आणि पुन्हा म्हणाले. आजूबाजूला खुडबुड, चूंचूं, धावपळ चालली होती. मामा म्हणाले होते तसंच, लग्नघरासारखं. सगळे जागे होते.